उंचीपट्टीवरची हरवलेली वर्षे : जन्मतः एचआयव्ही असलेली एक पिढी आणि शिरूर-दौंड

बखरी, ताम्रपट, नाणी, मोडीतले जमाखर्च यांना आपण इतिहासाची साधने म्हणतो. माणसाची उंची हेही असेच एक साधन आहे. कोणत्या वयात पोटात काय गेले नाही, कोणता आजार किती काळ अंगात राहिला, औषध कधी पोहोचले, याची नोंद हाडे ठेवतात आणि ती नोंद नंतर खोडता येत नाही. आजचा धागा अशाच एका पिढीच्या उंचीविषयी आहे. १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत एचआयव्हीचा संसर्ग घेऊन जन्मलेली आणि तरीही किशोरवयापर्यंत जगलेली मुले ही ती पिढी. भूमी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची. वाटेत फ्रान्स, मद्रास आणि युगांडा लागतील. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

हेच दोन तालुके का? घोडनदीच्या काठचे शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, तर भीमेकाठचे दौंड पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे मोठे जंक्शन. इतिहासाच्या वाचकाला शिरूर आठवते ते कंपनी सरकारच्या छावणीमुळे. १८१७च्या अखेरच्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण याच छावणीतली. दौंडचा परिसर आठवतो तो जुन्या भीमथडीमुळे आणि तिच्या तट्टांमुळे. पण आपल्या विषयासाठी कारणे दुसरी आहेत, आणि ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली आहेत. शिरूर तालुक्यातील काही गावांत नवजात बाळांची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजण्याचे काम झाले, ज्याचे निष्कर्ष आज जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आहेत. आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे, एचआयव्हीवरच्या गोळ्या जगाला पुरवणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. एकीकडे मोजपट्टी, दुसरीकडे औषध. या दोहोंच्या मधल्या जागेत ही मुले वाढली. किंवा वाढायची राहिली.

आधी मोजपट्टीकडे वळू. मुलाची उंची ठरावीक काळाने, वर्षानुवर्षे मोजत राहण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न फ्रान्समधला. फिलिबेर गेनो द माँबेयार या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७पर्यंत नोंदवली. तो मोजायला बसला तेव्हा दत्ताजी शिंदे उत्तरेत होते. त्याने वही मिटली तेव्हा सवाई माधवराव तीन वर्षांचे झाले होते. त्या एका मुलाच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट दिसली, जी आज प्रत्येक पालकाला ठाऊक असते : वाढ सरळ रेषेत होत नाही. पहिल्या दोन वर्षांत ती झपाट्याने होते, मग संथ होते, आणि वयात येताना पुन्हा एकदा उसळी घेते. मुलींत ही उसळी साधारण अकरा-बाराव्या वर्षी येते, मुलग्यांत तेरा-चौदाव्या. त्यानंतर हाडांच्या टोकांशी असलेले कूर्चेचे पातळ थर हाडात विरून जातात आणि उंचीचा दरवाजा बंद होतो.

‘खुंटलेली वाढ’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शास्त्रात त्याला नेमका अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील सुस्थितीतल्या मुलांच्या मोजमापांवरून २००६ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मानके प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी एकोणीस वर्षांपर्यंतचे संदर्भतक्ते आले. त्या वयाच्या मध्यम उंचीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असलेले मूल ‘खुंटलेले’ धरले जाते. एकोणिसाव्या वर्षी ही सीमारेषा मुलग्यांसाठी सुमारे १६२ सेंटिमीटरवर आणि मुलींसाठी सुमारे १५० सेंटिमीटरवर येते. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढे लागतील.

आता शिरूरच्या वह्या. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. वैद्यकीय इतिहासात हे गाव आणखी एका कारणाने नोंदले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. या कामाचा बराच भार गावातल्याच स्त्री-पुरुषांनी आरोग्यसेवक म्हणून उचलला. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाबळ, केंदूर, करंदी या पट्ट्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. या स्त्रिया शेतात राबणाऱ्या, सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, वजन सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. संशोधकांना चकित करणारी बाब अशी की, शिरूरचे बाळ स्नायूंनी आणि अवयवांनी रोड होते, पण त्वचेखालच्या चरबीत मात्र फारसे मागे नव्हते. बारीक दिसणारे आणि तरीही आतून चरबी राखून ठेवणारे हे बाळ पुढे मधुमेहाच्या जागतिक चर्चेत गाजले.

आपल्या धाग्यापुरता यातला एकच आकडा धरून ठेवू : आयांची सरासरी उंची १५२. खुंटलेपणाची रेषा १५०वर आहे. म्हणजे या गावांतली साधारण आईच त्या रेषेच्या जेमतेम दोन बोटे वर उभी होती. एचआयव्ही या मुलुखात येण्यापूर्वीच येथे एक जुनी, पिढीजात खुंट होती. दुष्काळांनी, अपुऱ्या आहाराने आणि बायकांनी सर्वांत शेवटी जेवण्याच्या रीतीने घडवलेली.

या खुंटीविषयी पुण्यातच एक मोठा वाद झाला होता. तो विसरला गेला आहे, पण विसरण्यासारखा नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ दोन दशके संख्याशास्त्राचा कारभार पाहून ते पुण्यात परतले. शरीर आपली ऊर्जेची गरज काही मर्यादेत आपोआप सावरून घेते, त्यामुळे सरासरी उष्मांकाची रेषा आखून तिच्याखालच्या साऱ्यांना भुकेले म्हणणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांनी निळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा हिशेब उष्मांकांवरूनच मांडला होता. त्यांनी सुखात्म्यांना कडाडून विरोध केला. दोघेही पुण्याचे, दोघेही मोठे. सुखात्म्यांच्या मांडणीचा आधार घेत डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८०च्या सुमारास आणखी पुढचे पाऊल टाकले : मध्यम प्रमाणात खुंटलेली माणसे ‘लहान पण निरोगी’ असतात. भारतीय पोषणशास्त्राचे धुरीण डॉ. सी. गोपालन यांनी हे मत ठामपणे नाकारले. बुटकेपणा हा जुळवून घेण्याचा गुण नव्हे, ती वंचनेची खूण आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

सुखात्म्यांचा संख्याशास्त्रीय युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे, आणि स्वच्छ पाण्यावरचा त्यांचा भर तर काळाच्या पुढचा होता. पण सेक्लरच्या ‘लहान पण निरोगी’ला इतिहासाने दिलेले उत्तर मला तरी निर्णायक वाटते. भीमथडीचे तट्टू ठेंगणे आणि काटक होते, ही त्याची तारीफच होती. मुलाच्या बाबतीत मात्र ज्या समाजात बुटके असणे हेच सामान्य ठरते, तेथे आजारामुळे बुटके राहिलेले मूल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिरूर-दौंडमध्ये नेमके हेच घडायचे होते.

१९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा शोधून काढला. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पुण्याच्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’. या संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला. (करोनाकाळात रोज सायंकाळी दूरचित्रवाणीवर दिसणारे गंगाखेडकर ते हेच.) देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत निम्म्यांना संसर्ग होता, हे अपेक्षितच होते. पण देहविक्रय न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित आणि केवळ नवऱ्याशीच संबंध असलेल्या स्त्रियांतही जवळजवळ १४ टक्के बाधित निघाल्या. मंगळसूत्र हे संरक्षण नाही, हे त्या आकड्याने देशाला सांगितले.

तारखा जुळवून पाहा. १९९३ ते १९९६. शिरूरच्या गावांत गरोदर आयांची आणि बाळांची मोजणी याच वर्षांत चालली होती. पन्नास किलोमीटरवर पुणे शहरात दुसऱ्या वहीत दुसरीच नोंद होत होती. दोन्ही वह्या प्रामाणिक होत्या, दोन्हींचे प्रश्न वेगळे होते. पण वाढ न झालेले मूल आणि बाधित आई ही एकाच घरातली माणसे असू शकतात, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नव्हते. रस्त्याने, रेल्वेने, उसाच्या हंगामाने आणि नव्या औद्योगिक वसाहतींनी माणसांची ये-जा वाढत होती. विषाणू त्या माणसांबरोबर घरी येत होता, आणि घरून पाळण्यात.

बाधित आईकडून बाळाला संसर्ग होतो तो गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून. काहीच उपाय केला नाही तर शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना तो होतो. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधील प्रयोगाने दाखवले की, झिडोव्हुडिन हे औषध आईला आणि बाळाला दिल्यास प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. ते महाग होते आणि महिनोन्‌महिने घ्यावे लागे. १९९९ साली युगांडातून अधिक सोपी वाट निघाली : प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला एक मात्रा, संसर्ग जवळजवळ निम्मा. भारताने २००१-०२च्या सुमारास हाच मार्ग धरला. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा आठवडे हे औषध दिले तर काय होते, याचा पुढचा प्रयोग इथिओपिया, युगांडा आणि भारतात झाला. भारतातले केंद्र पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून. सर्व बाधित गरोदर स्त्रियांना तीन औषधांचा आजीवन उपचार हे धोरण भारतात १ जानेवारी २०१४पासून लागू झाले. याचा अर्थ १९९० ते २००२ या काळात जन्मलेल्या बाधित बाळाच्या आईसाठी सरकारी दवाखान्यात बहुधा कोणताच उपाय नव्हता, आणि ती बाधित आहे हेही बहुधा तिला कोणी सांगितले नव्हते. अनेक घरांत प्रथम बाप गेला, मग मूल आजारी पडले, आणि त्या मुलाच्या तपासणीतून आईला स्वतःचे निदान समजले.

उपचार नसता बाधित बाळांपैकी निम्म्याहून अधिक दोन वर्षांच्या आत जातात, असे आफ्रिकेतील अनेक अभ्यास एकत्र करून २००४ साली दाखवले गेले. मग किशोरवयापर्यंत कोण पोहोचले? पूर्वी समज असा होता की, कोणीच नाही. झिंबाब्वेच्या रुग्णालयांत दहा-पंधरा वर्षांची, निदान न झालेली, वयाच्या मानाने फारच लहान दिसणारी मुले येऊ लागली, तेव्हा हा समज मोडला. बाधित बाळांपैकी सुमारे तिसरा हिस्सा असा असतो की, ज्यांच्यात आजार संथ चालतो. अशी मुले उपचाराविनाही दहा वर्षे, कधी पंधरा वर्षे काढतात. शरीर विषाणूशी लढत राहते, पण त्या लढाईचा खर्च उंचीच्या खात्यातून वसूल होतो.

हा खर्च होतो कसा? सतत जागी असलेली प्रतिकारयंत्रणा ऊर्जा खाते. आतड्याचे अस्तर विषाणूमुळे झिजते, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, न्यूमोनिया, क्षय. तोंडात बुरशी झाली की घास गिळवत नाही. दीर्घकाळच्या दाहाने वाढीच्या संप्रेरकाचा संदेश हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही. आणि हे सारे ज्या घरात चालते तेथे कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला किंवा गेलेला. दूध बंद झालेले, मूल आजीकडे किंवा मामाकडे.

आपल्या गावांत अशा मुलाला शब्द होते. ‘अंग धरत नाही.’ ‘बाळसंच धरलं नाही.’ ‘मुडदूस झालाय.’ ‘दृष्ट लागली.’ हे शब्द अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेऊ नयेत. वाढ थांबल्याचे निरीक्षण त्यांत अचूक आहे. चूक होती ती कारणात, आणि त्या चुकीत डॉक्टरही सामील होते. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ४६ टक्के मुले खुंटलेली आढळली. जेथे जवळजवळ निम्मी मुले ठेंगणी, तेथे आणखी एका ठेंगण्या मुलाचे रक्त तपासायला कोण सांगणार? टॉनिक, जंताची गोळी, फार तर क्षयाचा कोर्स. त्यात तपासणीची अडचण वेगळीच. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची चाचणी त्या वयात निर्णय देऊ शकत नाही. टाचेतल्या रक्ताचा ठिपका कागदावर वाळवून थेट विषाणूचा शोध घेण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती २०१० साली. शिरूर-दौंडच्या आपल्या पिढीसाठी तोवर फार उशीर झाला होता.

गावाची खुंट कोणती आणि विषाणूची कोणती, हे मग वेगळे कसे करायचे? उत्तम पुरावा घरातच असे : भावंड. तेच आईबाप, तीच भाकरी, तेच पाणी. पण धाकट्याला संसर्ग नाही. काही वर्षांत धाकटा थोरल्याच्या डोक्यावरून पुढे जातो आणि गावातले लोक थोरल्यालाच धाकटा समजू लागतात. दोघांच्या उंचीतला फरक म्हणजे विषाणूचा हिस्सा. दोघांची उंची आणि आंतरराष्ट्रीय मानक यांतला फरक म्हणजे आपल्या समाजाचा. हा दुसरा हिस्सा लहान नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मुलांच्या खुजेपणाचे सारे खापर एचआयव्हीवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता औषधाकडे. १९९६च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार सिद्ध झाला आणि श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. त्याची किंमत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. निराळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मुभा होती. याच मोकळिकीवर उभ्या राहिलेल्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१मध्ये जाहीर केले की, तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना देऊ. दिवसाला एका डॉलरहून कमी. जगाच्या आरोग्याच्या इतिहासातली ही एक मोठी तारीख आहे. सिप्लाच्या ज्या कारखान्यांतून या गोळ्या आफ्रिकेत आणि अन्यत्र गेल्या, त्यांत दौंड तालुक्यातील कुरकुंभचे नाव येते. सोलापूर रस्त्याने जाताना दिसणाऱ्या त्या औद्योगिक वसाहतीकडे इतिहासाचे स्थळ म्हणून कोणी पाहत नाही. पाहायला हवे.

पण ३५० डॉलर म्हणजे त्या वेळचे साधारण सोळा हजार रुपये, आणि तोही परदेशी मदत संस्थेला देऊ केलेला भाव. दौंडच्या शेतमजूर विधवेच्या दृष्टीने पंधरा हजार डॉलर आणि सोळा हजार रुपये यांत फारसा फरक नव्हता. भारत सरकारने मोफत उपचार सुरू केला १ एप्रिल २००४ रोजी, प्रथम देशातील मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्राचा वाटा मुंबईच्या जे. जे.चा. मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आला ३० नोव्हेंबर २००६ रोजी. तोवर मुलांना प्रौढांच्या गोळ्या मोडून दिल्या जात. अर्धी गोळी, पाव गोळी. मोडताना एका तुकड्यात औषध जास्त, दुसऱ्यात कमी. मुलांच्या मापाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या तीन-औषधी गोळ्या सिप्लाने बनवल्या आणि त्यांची कसोटी झांबियात लागली. गोळीचा शोध आणि गोळीचे गावात येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये जी वर्षे जातात ती आपल्या इतिहासात सहसा मोजली जात नाहीत. या मुलांच्या उंचीत ती मोजलेली आहेत. १९९६ साली जन्मलेले मूल २००६ साली दहा वर्षांचे होते. वाढीचा पहिला, सर्वांत वेगाचा काळ केव्हाच सरला होता.

औषध मोफत झाले तरी वाट लांबच होती. शिरूर ते पुणे सुमारे ६७ किलोमीटर, दौंड ते पुणे लोहमार्गाने ७६. दरमहा एक रोज बुडवून, कोणाला कारण न सांगता जायचे. जवळचे केंद्र असले तरी ओळखीचे कोणी दिसेल म्हणून लांबच्या केंद्रात नाव घालणारी कुटुंबे होती, आणि ती भीती काल्पनिक नव्हती. शिवाय त्या काळचे नियम : प्रतिकारपेशी ठरावीक संख्येखाली उतरल्या किंवा आजार एका टप्प्यावर पोहोचला की मगच उपचार. औषधांचा तुटवडा आणि खर्च पाहता हा नियम समजण्यासारखा होता. पण वाढीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, शरीर पुरते खचेपर्यंत थांबा. दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगाने २००८ साली दाखवले की, तान्ह्या बाळांना निदान होताच उपचार दिल्यास मृत्यू तीन-चतुर्थांशाने घटतात. निदान होताच सर्वांना उपचार हे धोरण भारतात २०१७ साली आले.

उपचार सुरू झाल्यावर काय होते, ते पाहणे विलक्षण असते. वजन आधी येते, काही महिन्यांतच. उंची मागाहून आणि सावकाश. लहान वयात औषध मिळालेली मुले बरीच भरपाई करतात. दहा वर्षांनंतर, आधीच खूप खुंटलेल्या अवस्थेत औषध मिळालेली मुले क्वचितच पूर्ण करतात. येथे किशोरवयाचे एक गूढ आहे. जन्मतः बाधित मुले उशिरा वयात येतात. अमेरिकेतील अभ्यासांतही हे दिसले, आणि ज्यांना वेळेवर परिणामकारक औषध मिळाले त्यांच्यात हा उशीर कमी झाला. उशिरा वयात येण्याला दोन बाजू आहेत. उंचीचा दरवाजा उशिरा बंद होतो, म्हणून वाढायला थोडी जास्त वर्षे मिळतात. सतराव्या-अठराव्या वर्षीही काही मुलगे उंच होत राहतात. पण चौदाव्या वर्षी वर्गातल्या साऱ्यांचा आवाज फुटलेला असताना आपण पहिल्या बाकावर, कवायतीत रांगेच्या टोकाला, हे त्या मुलाला रोज दिसते.

एसटीचा वाहक न विचारता अर्धे तिकीट फाडतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाचे तिकीट पंधराव्या वर्षी हातात पडणे ही बचत असते, आणि अपमानही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. तालुक्यातली मुले पहाटे उठून रस्त्याने धावतात, कारण भरती हे येथले मोठे स्वप्न. त्या भरतीत पुरुषांसाठी उंचीची अट १६८ सेंटिमीटर, जिल्हा पोलिसांसाठी १६५. खुंटलेपणाची सीमारेषा १६२ आहे, हे वर आले. म्हणजे ज्या मुलाने औषध घेऊन, रेषा ओलांडून, कागदोपत्री ‘सामान्य’ उंची गाठली, तोही त्या पट्टीखालून परत येतो. मित्रांना काय सांगायचे, हा प्रश्न उरतोच. अनेकांना स्वतःच्या आजाराचे नाव तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत माहीत नसते. ‘रक्त कमी आहे, त्याची गोळी’ असे घरचे सांगतात. मुलाला संशय येतो तो बहुधा आरशातून, भावंडाकडे पाहून.

मुलांच्या औषधाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. त्यामुळे पंधरा वर्षांचे, पण वजनाने फारच कमी असलेले मूल अजून लहान मुलांच्या मात्रेवर असू शकते, आणि मात्रा वाढली की घरात खरोखर आनंद होतो. प्रत्येक भेटीत वजन, उंची आणि वेळोवेळी पेशींची संख्या एआरटी केंद्रातील पांढऱ्या कार्डावर चढते. पुढचा इतिहासकार या काळाचा शोध घेईल तेव्हा माँबेयारच्या वहीपेक्षा कितीतरी मोठे दफ्तर त्याला या कार्डांत मिळेल. अर्थात नावे झाकून. गोपनीयता भंग करणाऱ्यास शिक्षा देणारा, शाळा-नोकरीतील भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. त्यातले एक कलम वाचताना थांबायला होते : एचआयव्हीने ग्रासलेल्या कुटुंबातील, बारा वर्षांवरचे समज असलेले भावंड आपल्या अल्पवयीन भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते, औषधोपचार यांसाठी काम पाहू शकते. संसदेला असे कलम लिहावे लागले, कारण अशी घरे होती.

त्या पिढीतले आज विशी-तिशीत आहेत. काहींची लग्ने झाली, काही मुली आई झाल्या. त्यांच्या उंचीचा प्रश्न येथे नव्याने उभा राहतो. आईची उंची फारच कमी असेल तर प्रसूती अवघड होण्याची शक्यता वाढते. शिवाय आईची शरीरयष्टी बाळाच्या जन्मवजनात उतरते, हा तर शिरूरच्या त्या सहा गावांतल्या अभ्यासाचाच एक धडा. विषाणू बाळाकडे जाऊ नये याची सोय आता आहे. औषध नियमित घेणाऱ्या, रक्तातला विषाणू दबलेल्या आईच्या बाळाला संसर्ग होण्याची शक्यता अत्यल्प आहे. २००४ पूर्वीची हरवलेली वर्षे मात्र विषाणूशिवायही पुढे जाऊ शकतात, उंचीच्या वाटेने. अशा बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात होते, मग सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, आणि शेवटची अठराव्या महिन्यात. ती ‘नाही’ आली की बाळाचे नाव एआरटी केंद्राच्या वहीतून कमी होते. अंगणवाडीच्या वहीत ते असतेच. तेथे बाळाला अजून लाकडी फळीवर आडवे झोपवून मोजतात, कारण उभे करून उंची घ्यायची ती दोन वर्षांनंतर.